बिनतारखेचे दुखणे

कारखान्यात अपघात झाला की त्याची नोंद तारखेपासून सुरू होते. कोणत्या दिवशी, कोणत्या पाळीत, कोणत्या यंत्रापाशी आणि कोणाच्या शरीरास काय इजा झाली, हे फॅक्टरी इन्स्पेक्टरास, विमा कचेरीस आणि पुढेमागे नुकसानभरपाईचा दावा उभा राहिलाच तर त्याचा निवाडा करणाऱ्या आयुक्तास कळावे, याच हेतूने ती नोंदवही ठेवलेली असते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ८८ व्या कलमाने तर त्यासाठी एक स्पष्ट मोजमाप ठरवून दिले: ज्या अपघाताने मृत्यू ओढवला, किंवा ज्याच्या पाठोपाठ कामगाराला ४८ तास वा त्याहून अधिक काळ काम करणे अशक्य झाले, त्याची वर्दी सरकारात पोहोचलीच पाहिजे. तुटलेले बोट, भाजलेली कातडी, पायावर कोसळलेला लोखंडाचा तुकडा यांच्यासाठी ही व्यवस्था यथायोग्य आहे. परंतु मनुष्याच्या हाताला होणारी इजा नेहमीच अशी एका क्षणात आणि साक्षीदारांच्या देखत होत नाही. वर्षानुवर्षे एकच हत्यार धरून, एकाच बाजूस मनगट वळवून, तीच हालचाल दिवसातून हजारो वेळा केल्याने जे दुखणे हळूहळू हातात मुरते, ते नेमके केव्हा सुरू झाले हे खुद्द त्या हाताच्या धन्यालाही सांगता येत नाही. आणि ज्या दुखण्याला तारीख नाही, त्याला नोंदवहीत जागा मिळत नाही.

भिलाईसारख्या नगरीच्या संदर्भात या गोष्टीचा विचार करणे विशेष अगत्याचे आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूरच्या सचिवालयातून चालत असे, कारण त्या काळच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. पुढे राज्यांच्या सीमा बदलल्या, २००० साली छत्तीसगड वेगळे झाले. परंतु नागपूर-हावडा लोहमार्गाने पूर्वेकडे नोकरीसाठी गेलेली मराठी कुटुंबे भिलाईच्या सेक्टरांतून स्थायिक झाली, ती तिथलीच होऊन गेली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते जी पहिली झोतभट्टी कार्यान्वित झाली, तिच्याभोवती ओतशाळा, यंत्रशाळा आणि सुटे भाग घडवणारे लहानमोठे कारखाने यांचा विस्तार झाला, आणि देशभरच्या आगगाड्या भिलाईच्या रुळांवरून धावू लागल्या.

पोलाद म्हटले की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे वितळलेल्या धातूचा रसरशीत प्रवाह उभा राहतो. पण त्या धातूचे जे शेवटचे संस्कार असतात, ते अद्याप पुष्कळ अंशी माणसाच्या हातानेच होतात. साच्यातून निघालेल्या ओतीव वस्तूच्या कडा छिन्नीच्या हवाई हातोड्याने उडवणे, वेल्डिंगचे उंचवटे ग्राइंडरने घासून सपाट करणे, साच्यातील वाळू ठोकून बसवणे, दुरुस्तीच्या वेळी गंजलेले बोल्ट पान्याने सैल करणे, ही कामे करणारा हात एकाच वेळी पकडतो, दाबतो, वळतो आणि थरथरतो. भिलाईच्या सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालयाचा लौकिक भाजलेल्या रुग्णांवरील उपचारांसाठी दूरवर पसरला आहे, आणि भट्टीच्या गावात तसे असणे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. भाजलेल्या माणसाला मात्र इतर चौघे उचलून दवाखान्यात नेतात. ज्याची बोटे बधिर होत चालली आहेत, तो स्वतःच्या पायांनी जातो, आणि बहुधा फार उशिरा जातो.

या उशिराचे कारण समजण्यासाठी मनगटाची रचना थोडी पाहिली पाहिजे. मनगटात आठ लहान अस्थींची एक कमान आहे, आणि त्या कमानीवर तळहाताच्या बाजूने एक जाड बंध आडवा ताणलेला आहे. या दोहोंमध्ये जो अरुंद बोळ उरतो, त्यातून बोटे व अंगठा मिटवणाऱ्या नऊ कंडरा जातात, आणि त्यांच्याच गर्दीत अंग चोरून एक मज्जातंतूही जातो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना स्पर्शज्ञान देणारा तंतू तो हाच. वारंवार घर्षणाने कंडरांची आवरणे सुजली म्हणजे जागा कमी पडते, आणि दाब त्या मऊ तंतूवर येतो. अमेरिकेतील शल्यचिकित्सक रिचर्ड गेलबरमन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८१ साली हा दाब प्रत्यक्ष मोजला, तेव्हा निरोगी मनगट सरळ असताना तो पाऱ्याच्या सुमारे अडीच मिलिमीटर, तर रुग्णांच्या मनगटात सुमारे ३२ मिलिमीटर भरला; आणि रुग्णाने मनगट पुढे वा मागे पूर्ण वाकवले, तेव्हा तो नव्वदाच्याही पलीकडे गेला. मनगट वाकवून काम करू नये, हा जो उपदेश आज सर्वत्र ऐकू येतो, त्याचा आधार या साध्या आकड्यांत आहे.

म्हणूनच या विकाराची, म्हणजे कार्पल टनेल सिंड्रोमची, पहिली तक्रार कामाच्या जागी नव्हे तर अंथरुणात उद्भवते. झोपेत मनगट दुमडले जाते, मध्यरात्री अंगठ्यापासून तीन बोटांना मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरे वाटते, आणि सकाळी माणूस पुन्हा कामावर हजर होतो. करंगळी मात्र शाबूत असते, कारण तिचा तंतू वेगळ्या वाटेने जातो. आणि नुसत्या या एका खुणेवरूनही जाणता डॉक्टर पुष्कळ काही ओळखू शकतो. दुखणे वाढत गेले की सुई उचलता येत नाही, कुलपात किल्ली फिरवता येत नाही, आणि अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट होऊ लागतो. प्रारंभी रात्री मनगटाला आधारपट्टी बांधल्याने आणि काम बदलल्याने जे बरे होऊ शकले असते, त्यासाठी अखेरीस शस्त्रक्रिया करावी लागते.

याखेरीज हाताची आणखीही दुखणी आहेत. अंगठा उचलणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या कडेला जिथे एका नळीतून जातात, तिथे सूज येऊन अंगठा हलवताच कळ उठते. फ्रिट्झ द कर्व्हँ या स्विस शल्यचिकित्सकाने या विकाराचे वर्णन १८९५ साली केले, तेव्हा तो घड्याळांच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध असलेल्या ला शो-द-फोन या गावी काम करीत होता. बोट मिटते पण उघडताना खटका पडून अडकते, तो निराळा विकार. एखादा अडकलेला भाग बसवण्यासाठी हातोडी शोधण्याऐवजी तळहाताच्याच कडेने ठोसा मारण्याची जी सवय यंत्रशाळांत सर्रास दिसते, तिच्यामुळे करंगळीच्या बाजूची रोहिणी दुखावून बोटांचा रक्तपुरवठा मंदावतो, हेही वैद्यकशास्त्राने नोंदवून ठेवले आहे.

कामाने हात बिघडतो, हे ज्ञान नवीन नाही. इटलीतील बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या १७१३ च्या वाढीव आवृत्तीत कारकुनांच्या व्याधींची त्याने सांगितलेली कारणे तीन होती: सतत बसून राहणे, हाताची एकाच प्रकारची अखंड हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण. पुढे तारायंत्र आले आणि तार पाठवणाऱ्यांच्या हाताला पेटके येऊ लागले. १९०८ साली ब्रिटनने हा विकार नुकसानभरपाईस पात्र ठरवला. १९१८ साली अमेरिकेत डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी इंडियाना राज्यातील बेडफर्डच्या चुनखडी कारागिरांचे हात तपासले. हवाई हातोडे वापरणाऱ्या त्या कारागिरांची बोटे थंडीत प्रेतासारखी पांढरी पडत होती, आणि त्याचे कारण हातोड्याचे कंपन असल्याचे त्यांनी दाखवून दिले. खेदाची गोष्ट अशी की, साठ वर्षांनी, १९७८ मध्ये, त्याच भागात पुन्हा पाहणी झाली तेव्हाही तोच विकार तितक्याच जोमाने आढळला. ज्ञान पुढे गेले होते, परंतु हातोडा बहुतांशी तोच राहिला होता.

या विषयाच्या संशोधनात खरी अडचण कार्यकारणभावाची आहे. मधुमेह, थायरॉईडचे विकार, गर्भारपण, मनगटाचा जुना अस्थिभंग यांनीही हात बधिर होतो. मग कारखान्याचा दोष किती आणि शरीराचा किती, हे ठरवावे कसे? या प्रश्नाला पद्धतशीर उत्तर देण्याचा प्रयत्न अमेरिकेत बार्बरा सिल्व्हरस्टीन आणि त्यांचे सहकारी यांनी केला. सात कारखान्यांतील ३९ प्रकारच्या कामांवर असलेल्या ६५२ कामगारांची त्यांनी जोर आणि पुनरावृत्ती या दोन कसोट्यांवर वर्गवारी केली, आणि १९८७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: ज्या कामात जोर कमी आणि पुनरावृत्तीही कमी, तिथे कार्पल टनेलचे प्रमाण ०.६ टक्के होते, तर जिथे दोन्ही अधिक, तिथे ते ५.६ टक्के होते. वय, लिंग आणि कामाची वर्षे हिशेबात धरल्यावरही दुसऱ्या गटाचा धोका पंधरा पटींहून अधिक ठरला. केवळ जोर किंवा केवळ पुनरावृत्ती यांपेक्षा त्यांची युती अधिक घातक असते, हे त्यातून स्पष्ट झाले. दुसरी अडचण याहूनही सूक्ष्म आहे. ज्याचा हात बिघडला तो काम सोडून जातो, म्हणून पाहणी करणाऱ्याला कारखान्यात जे भेटतात ते तगून राहिलेले असतात. कायम नोकरांचा निदान हजेरीपट असतो. ठेकेदाराकडचा मजूर हात दुखू लागताच मस्टरवरून नाहीसा होतो, आणि त्याच्यासोबत त्याच्या दुखण्याचा पुरावाही नाहीसा होतो.

भिलाईच्या बाबतीत एक तिसरी अडचण आहे, आणि ती हवामानाची. कंपनाने होणाऱ्या विकाराची जगभर प्रसिद्ध झालेली खूण म्हणजे पांढरी पडणारी बोटे. पण ती खूण थंडीच्या स्पर्शाने प्रकट होते. मलेशिया, व्हिएतनाम अशा उष्ण देशांतील कामगारांच्या पाहण्यांत बोटे पांढरी पडल्याची उदाहरणे क्वचितच आढळली. आढळल्या त्या मुंग्या, बधिरता, बोटांचा गारठा आणि पकडीचा कमकुवतपणा. वैशाखात जिथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्या दुर्ग-भिलाईच्या परिसरात बोट पांढरे होण्याची वाट पाहत बसणाऱ्या वैद्याला हा रोग इथे नाहीच असे वाटण्याचा संभव आहे. १९८६ साली स्टॉकहोम येथे तज्ज्ञांनी जी मोजपट्टी ठरवली, तिच्यात रक्तवाहिन्यांची बाजू आणि मज्जातंतूंची बाजू वेगवेगळी मोजली जाते, ही गोष्ट म्हणूनच आपल्याकडे मोलाची आहे. शीत देशांत रोग पहिल्या बाजूने दिसतो, आपल्याकडे तो दुसऱ्या बाजूने शोधला पाहिजे.

कायद्याची स्थितीही इथे लक्षात घ्यावी. आता २०२० च्या संहितेत विलीन झालेल्या, परंतु भिलाईच्या सर्व पिढ्यांचे कामकाज ज्याच्या छत्राखाली चालले त्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत वर्दी देण्याजोग्या २९ रोगांची यादी होती. तिच्यात शिसे, पारा, मँगनीज यांची विषबाधा होती, सिलिकोसिस होता, कातडीचे विकार होते आणि आवाजाने येणारे बहिरेपणही होते. कंपनाने वा पुनरावृत्तीने होणारे हाताचे विकार मात्र नव्हते. म्हणजे एकाच हवाई हातोड्याने कान बिघडला तर कारखान्याच्या व्यवस्थापकाने आणि डॉक्टरने सरकारला कळवायचे, आणि त्याच हातोड्याने हात बिघडला तर तो ज्याचा त्याने सांभाळायचा, अशी ही विलक्षण वाटणी होती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० साली सुधारलेल्या आपल्या यादीत कंपनाचे विकार, अंगठ्याच्या कंडरांची सूज आणि कार्पल टनेल यांना नावानिशी स्थान दिले आहे. यादीत नाव येणे म्हणजे रोग बरा होणे नव्हे. पण ज्याचे नाव यादीत येते त्याची गणती सुरू होते, आणि ज्याची गणती होते त्यावर खर्च मंजूर होतो, हा प्रशासनाचा सार्वत्रिक शिरस्ता आहे.

या रोगाला तारीख नसली, तरी त्याच्या कारणांना मापे आहेत, आणि प्रतिबंधाची सारी मदार याच गोष्टीवर आहे. युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशाने हातापर्यंत पोहोचणाऱ्या कंपनाची आठ तासांच्या हिशेबाने दोन मर्यादाचिन्हे ठरवली: सेकंदाच्या वर्गास अडीच मीटर गाठले की मालकाने उपाय सुरू करावेत, आणि पाच मीटरच्या पलीकडे कोणालाही जाऊ देऊ नये. यातले गणित सोपे पण उद्बोधक आहे. ज्या हत्याराचे कंपन दहा मीटर आहे, ते हाती धरल्यापासून अर्ध्या तासात पहिली मर्यादा येते आणि दोन तासांत दुसरी. त्याच कामासाठी पाच मीटरचे हत्यार आणले, तर पहिली मर्यादा दोन तासांवर जाते आणि दुसरी पूर्ण आठ तासांवर. कंपन निम्मे केले की वेळ चौपट मिळतो. याचा अर्थ असा की मजुराला विश्रांती घ्यायला सांगण्यापेक्षा हत्यार बदलणे अधिक फलदायी असते. धार गेलेली छिन्नी, तोल बिघडलेले चाक, झिजलेले बेअरिंग यांनी चांगल्या हत्याराचेही कंपन वाढते, म्हणून देखभालीचे वेळापत्रक हाही आरोग्यरक्षणाचाच भाग मानला पाहिजे. हातमोज्यांवर मात्र भिस्त ठेवू नये: संथ गतीच्या कंपनाला ते फारसे अडवत नाहीत, आणि जाड मोज्यातून हत्यार धरताना पकड अधिक घट्ट करावी लागल्याने कधी कधी उलट परिणाम होतो.

मनगटाच्या बाबतीत सूत्र याहूनही सरळ आहे: वाकायचेच असेल तर हत्याराने वाकावे, मनगटाने नव्हे. अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कारखान्यात अर्विन टिशॉअर यांनी सरळ मुठीच्या पकडीऐवजी वाकड्या मुठीची पकड शिकाऊ कामगारांच्या हाती दिली, तेव्हा काही आठवड्यांतच हात दुखणाऱ्यांची संख्या सरळ पकडीच्या गटापेक्षा कितीतरी कमी भरली. कामाची उंची कोपराच्या बेताची ठेवणे, जड भाग टांगून धरण्यासाठी तोलयंत्र लावणे, जोराचे काम आणि हलके काम आळीपाळीने देणे, आणि मुळात ओतकाम इतके स्वच्छ करणे की नंतर घासायला थोडेच उरावे, हे उपाय क्रमाने अधिकाधिक मूलगामी आहेत. शेवटचा उपाय सर्वांत श्रेष्ठ, कारण त्यात धोका हाताशी पोहोचण्यापूर्वीच नाहीसा होतो.

जिथे मजुरी नगावर मोजली जाते, तिथे मात्र हे सारे उपाय लंगडे पडतात. भिलाईहून लोहमार्गाने पश्चिमेकडे निघाले की राजनांदगाव आणि पुढे गोंदिया, भंडारा हा विड्यांचा मुलूख लागतो. तेंदूचे पान कापायचे, तंबाखू भरायची, अंगठा आणि तर्जनी यांनी वळी करायची, टोक दुमडायचे आणि सूत बांधायचे, एवढ्या हालचाली एका विडीला लागतात. आणि मजुरी ठरते ती हजार विड्यांच्या हिशेबाने. घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रीला दोन हालचालींमध्ये थांबण्याचा सल्ला देणे म्हणजे तिला मजुरी कापून घेण्याचा सल्ला देणे होय. त्यातच तिच्या हाताला घरचे पाणी भरणे, कपडे पिळणे, कणीक मळणे चुकत नाही. आणि म्हणूनच तिचे मनगट दुखते ते विडीमुळे की संसारामुळे, हा वाद घालून कोणालाही आपली जबाबदारी टाळता येते.

या साऱ्यात कामगारांच्या पुढाकाराचे एक उदाहरण भिलाईच्या जवळच आहे. भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा येथे, जिथे घण आणि सब्बल यांनी खनिज फोडणारे हजारो ठेका मजूर होते, शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील खाणमजूर संघटनेने १९८३ साली शहीद रुग्णालय उभारले. खाणींच्या यांत्रिकीकरणाच्या वादातही या संघटनेची भूमिका यंत्राला सरसकट विरोध करण्याची नव्हती. कष्ट हलके व्हावेत पण मजुराची भाकर जाऊ नये, असे मध्यममार्गी अर्धयांत्रिकीकरण तिने सुचवले होते. हाताच्या विकारांच्या बाबतीत हाच प्रश्न आजही उभा राहतो: हात वाचवायचा की हाताचे काम वाचवायचे? जो उपाय या दोहोंपैकी एकाचा बळी देतो, त्याला कामगार मनापासून साथ देणार नाही, आणि त्याच्या साथीवाचून कोणतीही पाहणी खरी उत्तरे मिळवू शकत नाही.

भिलाईत करता येण्याजोग्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. जी नियतकालिक वैद्यकीय तपासणी श्रवण, दृष्टी आणि फुफ्फुसे यांसाठी होते, तिच्यात रात्री हात बधिर होऊन जाग येते काय, कोणत्या बोटांना मुंग्या येतात, आणि दिवसाकाठी कोणते कंप पावणारे हत्यार किती वेळ हाती असते, हे तीन प्रश्न घालता येतात. मनगटे एक मिनिट दुमडून धरण्याची फेलन यांची चाचणी करायला कोणतेही उपकरण लागत नाही. मुंबईची केंद्रीय श्रम संस्था आणि अहमदाबादची राष्ट्रीय व्यवसाय-स्वास्थ्य संस्था यांच्याकडे अशा पाहण्यांचे शास्त्र आहे. प्रश्न त्यांना बोलावण्याचा आहे. सार्वजनिक क्षेत्रातील पोलाद कारखाना हा मोठा गिऱ्हाईक असतो, म्हणून ग्राइंडर आणि हवाई हातोडे यांच्या टेंडरमध्ये किमतीबरोबर कंपनाचा आकडा मागण्याची अट त्याने घातली, तर पुरवठादार तो आकडा देतील आणि तो कमीही करतील. ठेक्याच्या करारनाम्यातही मजुराने कोणते हत्यार किती तास धरावे याची मर्यादा लिहिता येईल, आणि ती मोडणाऱ्याचे बिल अडवता येईल. मोठ्या कारखान्याने ही अट आपल्या आवारात पाळली, तर भिलाईलगतच्या हथखोज औद्योगिक वसाहतीतील लहान यंत्रशाळांनाही त्याच्या कामाच्या निमित्ताने ती पाळावी लागेल. आणि हाताचे आरोग्य हा दयेचा विषय न राहता खरेदीखात्याच्या रोजच्या व्यवहाराचा विषय होईल, जिथे तो सर्वांत लवकर मार्गी लागण्याची शक्यता आहे.